धुणावळ

संघाचा इतिहास विचारायला आलात,
तर दार चुकलात.
चषक नगरपालिकेच्या कपाटात आहेत,
किल्ली कुणाकडे ते तिथेच विचारा.
माझ्याकडे नुसतं धुणं यायचं,
रविवारी रात्री, व्हॅनमधून, नऊ जणांचं.
एक्केचाळीस वर्षं.

शर्यत मी एकही पाहिली नाही.
पण जर्सी उलगडली की सांगायचे
कोण कुठे आपटला ते.
कोपराला विटेची भुकटी, म्हणजे चर्चमागचं वळण.
पाठीवर चिखलाची रेघ सगळ्यांच्याच,
ती आपल्याच चाकाची, कुणाला चुकत नाही.
बघायची ती छाती.
छातीभर चिखल म्हणजे दिवसभर दुसऱ्याच्या मागे.
छाती कोरी, नुसतं मीठ,
तर तो पुढे होता, एकटा.
असं मीठ फार वेळा आलं नाही.

आलिदोर बाकेलांत स्वतः कधी सायकलवर बसला नाही.
त्याच्या लिननच्या गिरणीत पोरं पहाटे यायची,
लेये नदीच्या काठानं, धुक्यातून,
भोंगा चुकू नये म्हणून जीव खाऊन पायडल मारत.
त्यानं खिडकीतून पाहिलं, त्यांतले सहा निवडले.
झाला संघ.
जर्सी लोकरीची, छातीवर जवसाचं निळं फूल.
ते फूल मी काढलेलं.
लोकर भिजली की दीड किलोची व्हायची.

अडुसष्टचा ईस्टरचा सोमवार.
गेंतील माएसची जर्सी सगळ्यांत वर होती,
घडी घालून. घडी घालून!
छाती कोरी.
बाहीला घोड्याची लीद, पाठीला बिअर,
खांद्यावर कुणाच्या तरी ओठांचा लाल ठसा.
(बायकोचा नव्हे. ती रंग लावत नसे.)
दुसऱ्या दिवशी मालकानं गिरणी बंद ठेवली.
पुढे ती कायमचीच बंद झाली, पण ते नंतर.

मग फरशीवाले आले. मग सॉसेजवाले.
गाद्यावाल्यांनी दोन वर्षं दिली, तिसरं कबूल करून पळाले.
दर डिसेंबरात जुनं नाव उसवायचं, नवं शिवायचं,
खाली आधीच्या अक्षरांची भोकं तशीच.
उन्हात धरलं की एका छातीवर तीन कारखाने दिसायचे.
नंतर नायलॉन आलं, अक्षरं छापूनच यायला लागली,
आणि माझी सुई बसली.

खिशांत काय काय निघायचं.
अंजिरं, मेणकागद, एकदा संत फ्रान्सिस्कसचं पदक.
आणि एका जुलैत काचेची कुपी,
मान मोडलेली, बोटाच्या पेराएवढी.
वान्नेसच्या खिशात. वीस वर्षांचं पोर,
आई बेकरीत, उरलेला पाव मला ठेवायची.
कुपी मी राखेत टाकली.
पोलिसांनी हॉटेलच्या खोल्या उचकल्या,
व्हॅनची आसनंसुद्धा फाडली.
माझ्याकडे कुणी आलं नाही.
धुतलेल्या कपड्याला कोण साक्षीला बोलावतं?
तुम्ही विचारलंत तर सांगते:
डाग काढणं हे माझं काम होतं.
रात्री झोप येते का, ते विचारू नका.

शेवटचा पैसेवाला कुठला, काय विकायचा,
मला शेवटपर्यंत कळलं नाही.
त्याच्या जर्सीचे साठ खोके आले, पैसे आलेच नाहीत.
संघ एका गुरुवारी मोडला, दुपारी, फोनवर.
खोके माझ्या गॅरेजात.
आता बटाटेवाला रेमी तीच घालून शेतात जातो,
मादाम लापेरच्या बुजगावण्याला नव्वद नंबर आहे.
माझी शेवटची धुणावळ राहिली ती राहिलीच,
चौदाशे वीस युरो.
पावती फाडायला घेते
आणि नाव कुणाचं घालू, तिथं अडते.

परवा पावसात एक पोरगं दारावरून गेलं,
अंगात तीच जर्सी, मागून पुढून कुणी नाही.
सवयीनं मी छातीकडे पाहिलं.
कोरी होती.
एकटाच होता म्हणा,
त्यात काय मोठंसं.
तरी तो वळेपर्यंत
पडदा मी धरून ठेवला.