निवण्याचा वेग

किनुएच्या चिमट्याच्या टोकावर
केसाच्या जाडीहून बारीक एक कण आहे.
पडला तर शोधायचा नाही, नवा घ्यायचा,
हा ओत्सुबोसरांचा नियम.
(गेल्या वर्षी तिने तरी शोधला होता,
गुडघ्यांवर, दीड तास.)

दोन हिरे, टोकाला टोक.
मध्ये तो कण.
स्क्रू पाव फेऱ्याने, मग आणखी पाव.
आता तो अडीच हजार किलोमीटर खाली आहे
आणि किनुए खुर्चीवरच,
शेजारी डब्यात अर्धा भात.

ब्रिजमनाइट.
पृथ्वीच्या पोटात याच्याइतकं दुसरं काहीच नाही
आणि वर याला नांदता येत नाही.
दाब सुटला की आज ना उद्या
स्वतःची घडी विसकटून बसतं.

लेसर लागतो.
या अंगाला दिलेली ऊब
त्या अंगाला किती वेळाने पोचते,
एवढंच विचारायचं असतं.
डोळा लवायच्या आत
प्रश्नही संपतो, उत्तरही.

कणात लोखंड मिसळलेलं असलं
की उष्णता अडखळते,
जसा बाजारात ओळखीचं कुणी ना कुणी भेटत राहिलं
की घरी यायला उशीर होतो.
हे सगळं धरूनच हिशेब केला होता.

तरी आकडा दीडपट आला.
पुन्हा दीडपट.
तिसऱ्यांदाही.
चौथ्यांदा, रात्री पावणेदोनला,
टक्.
हिरा गेला.
सर बराच वेळ भिंगातून पाहत राहिले,
मग म्हणाले, तीन पुरे.

म्हणजे गाभ्याची धग
वाटत होतं त्याहून लवकर झिरपते आहे वर,
त्या दगडातून, जो दगड असूनही सरकतो,
तोत्तोरीच्या घाटरस्त्याच्या कामाहूनही सावकाश.
निवणं म्हणजे शांत होणं, असं आपण म्हणतो.
गाभा पुरता निवला
की होकायंत्राची सुई
वाटेल तिकडे तोंड करून बसेल.

पहाटे चारला आई गावच्या गरम कुंडाची फरशी घासत होती.
किनुएने दारातूनच सांगितलं.
"हे पाणी तिथलंच ना, तुझ्या त्या खालच्या दगडांतलं?"
"नाही गं. हे फार वरवरचं.
पावसाचंच, जरा आत जाऊन आलेलं."

वरवरचं!
एकतीस वर्षं घासते आहे ती हे कुंड.
ब्रश थांबला. पुन्हा सुरू झाला, जरा जोरात.
"मग किती वर्षं उरली म्हणतात तुझे सर?"
"शेकडो कोटी. थोडी कमी."
"मग तो दुसरा ब्रश घे."

किनुए मोजे काढते.
ओल्या फरशीवर पाऊल टेकतं
आणि ऊब टाचेतून घोट्याकडे निघते.
ती सेकंद मोजत नाही.

मोजते.
अकरा.