स्विच बंद केल्यावर

मार्च, सत्याऐंशी. देवगडच्या दक्षिणेला, खाडीवरचा सडा.
जांभा इतका तापलेला की चपलेतूनही कळावा.
खुंटी आत जाईना, पहार मारली तर ठिणगी;
म्हणून रुजाय लुद्रिक चिखलाचे गोळे थापायचा,
त्यात खुंटी रोवायचा, वरून खाडीचं पाणी, तांब्या तांब्याने.
"गोड्या पाण्याक खारा पाणी ओततास," म्हणायचा,
"देव हसात."

कच्च्या भाजणीच्या मडक्यांत मोरचूद,
शाळेतल्या शाईहून निळा.
शेवंती पराडकर ती मडकी कडेवर घेऊन चालायची,
जेवायच्या आधी राखेने बोटं घासायची,
कारण पहिल्याच दिवशी मी सांगितलं होतं: विष आहे.

काम एवढंच.
जमिनीत वीज सोडायची, दोन सेकंद.
बंद करायची. आणि मग
बघत राहायचं.

साधी जमीन जागच्या जागी सोडून देते,
काटा पडतो, विहिरीत पोहरा सुटावा तसा.
पण कुठे कुठे रेंगाळतो:
निघालेला पाहुणा उंबऱ्यात
आणखी एक गोष्ट काढतो, चपला घालून, तसा.
"बंद केलास मा?" रुजाय वाकून बघायचा,
"मगे काटो खाली कित्याक येना?"

मी त्याला सांगत बसलो. सावली नव्हती, दुसरं करणार काय.
की पहिल्या महायुद्धाच्या आगेमागे एका फ्रेंच माणसाला
हा उशीर दिसला, त्याने नोंदला,
आणि सोप्या कामांच्या गर्दीत बाजूला ठेवला.
मग दुसरं युद्ध. समुद्रातले सुरुंग हुडकायला
कुणीतरी तोच उशीर पुन्हा उकरला.
युद्ध संपलं, आणि तो तांब्याच्या मागे लागला,
खडकात तीळ पेरावेत तसं विखुरलेलं तांबं,
जे दुसऱ्या कुठल्याच मोजणीला सापडत नव्हतं.
नाव ठेवलं: प्रेरित ध्रुवीकरण.
रुजाय म्हणाला, "नाव लांब आसा. काटो येळ लावता ता बरोबर."

तीन वर्षांमागे इथे दुसरी टोळी येऊन गेली होती.
त्यांनी फक्त विरोध मोजला. कमी आला.
शेरा: खाली खारं पाणी, खणू नये.
तेव्हापासून वाडी होडीने पलीकडून हंडे आणते,
भरती-ओहोटी बघून स्वयंपाक.
पण खारं पाणी आणि चिकण माती, दोघीही
विजेला सारखीच वाट देतात.
फरक नंतर. खारं पाणी काहीच धरून ठेवत नाही.
माती धरते.

दुसऱ्या दिवशी काटा असा अडकला की मी उडालोच.
सोन्याची खाण की काय!
निघालं कलमबागेचं तारेचं कुंपण.
शेवंती हसली, निळं बोट तोंडाशी जाऊ न देता.

चौदाव्या खुंटीपाशी मात्र कुंपण नव्हतं.
तीनदा मोजलं. तीनदा तोच उशीर,
हळू, ओढ्यासारखा उतरत गेलेला.
वहीत लिहिलं: खारं नव्हे. माती, आणि मातीत काहीतरी.

मे महिन्यात बोअर मारली.
साठ फुटांवर जांभा संपला, राखाडी माती लागली,
आणि तिच्यात लाकूड.
काळं, कोळसा होत आलेलं, सालीच्या रेघा तशाच,
रेघांत पिवळी चमचम, गंधकाशी लग्न लागलेलं लोखंड.
एक अख्खं रान तिथे आडवं झालेलं.
कुठल्या काळचं, ते मला सांगता आलं नाही.
त्याखाली वाळू. वाळूत पाणी.

रुजायने ओंजळ लावली. सगळी वाडी त्याच्या तोंडाकडे.
"खारा नाय."
मग नाक मुरडलं: "पण कुसक्या अंड्याचो वास येता."

शेवंतीने हंडा रात्रभर उघडा ठेवला.
सकाळी वास बराचसा गेला होता. सगळा नाही.
आम्ही तारा गुंडाळल्या, बॅटरी जीपमध्ये चढवली.
उरलेला मोरचूद तिने मागून घेतला,
पावसाच्या आधी पोफळींवर मारायला.