पृष्ठ ११२, ओळ नववी

छापखाना दांडिया बाजारात, जिन्याखाली.
मी तिथे मुद्रितं तपासायचे.
त्या वर्षी स्वयंपाकाचं पुस्तक आलं,
बाई घडियाळी पोळातल्या, अक्षर मोडीच्या वळणाचं,
आणि मला तेव्हा साधा कुकर लावता येत नव्हता.

दुपारी एका हातात सेव-उसळीचा द्रोण,
दुसऱ्यात पेन्सिल.
ओल्या शाईतून वाचायचे:
तेल तापू द्यावं, मोहरी तडतडली की हिंग.
तडतडणं मला माहीत होतं ते लेखनापुरतं,
ली दीर्घ.
भरली वांगी मी वाचून खाल्ली.
अनारसे तीनदा,
कारण त्या फर्म्याची तीन मुद्रितं निघाली.

चैत्रातल्या डाळीत शनाभाईने केरी जुळवलं.
शनाभाई आणंदकडचा, त्याच्या घरी ती केरीच.
मी समासात लिहिलं, कैरी.
माझा री घाईत असला की ळीकडे झुकतो,
हे शाळेतल्या बाईंनीही बजावलं होतं.

दुसरं मुद्रित आलं शनिवारी संध्याकाळी.
वीज गेलेली, मालक किल्ल्या वाजवत उभे.
मेणबत्तीत वाचलं:
कच्ची केळी किसून घालावी.
व्याकरणाने हरकत घेतली नाही.
डोळा पुढे सरकला.
अकराशे प्रती.

शुद्धिपत्रात नऊ चुका आहेत. ही दहावी.
मला दिसली तोवर गठ्ठे स्टेशनवर पोचले होते.
बाईंचं पत्र कधी आलं नाही.
सभ्य असतील,
किंवा स्वतःचं पुस्तक उघडून कोण डाळ करतं.

पुढे तीसेक वर्षं
खंडेराव मार्केटात केळीवाल्यासमोरून जाताना
मी पिशवीत काहीतरी शोधत असायचे.

आणि परवा, निझामपुऱ्यात,
समोरच्या दारातल्या मृदुलाबेन पंचाल
वाटी घेऊन आल्या.
“तुमची चैत्रातली डाळ. चाखून सांगा, बराबर छे ने?”

पिवळी, जरा दाट. वर ओलं खोबरं.
पहिल्याच घासाला कळलं.
केळं.
त्यामागून लिंबू, आणि अगदी शेवटी साखर.

लिंबू कुणी सांगितलं?
“पहिल्या वर्षी फिक्की झाली. सासरे म्हणाले, कंईक ओछुं छे.
मग मी पिळलं. ते पुस्तकात नाही हं.”

पुस्तक आणून दाखवलं. खाकी कव्हर, दोऱ्याने शिवलेलं.
पान ११२ तेलाने इतकं पारदर्शक
की पाठीमागचं पन्हं उलट्या अक्षरांत दिसत होतं,
त्यातली कैरी धडधाकट.
समासात गुजराती पेन्सिल:
लींबु १. पप्पाने भावी.
खाली सालं, एकाखाली एक, वाण्याच्या हिशेबासारखी.
मध्ये दोन वर्षं नाहीत.
मी विचारलं नाही.
बहीण नडियादला करते, म्हणाल्या, भाची ब्रॅम्प्टनला.
सगळ्या अशीच.

पेन्सिल माझ्या पर्समध्ये अजून असते.
हात गेलासुद्धा.
ळीभोवती एक गोल, समासात री,
दोन सेकंदांचं काम.

केळं आधी वाफवता का, मी विचारलं.
“किसून, मग वाफवायचं. लिहिलं नाही तिथे,
पण कच्चं जिभेला धरतं.”

थांबा, म्हटलं, लिहून घेते.

पाठकोऱ्या बिलावर लिहिलं, चष्मा पुसून,
शाळेत लिहिलं नाही इतकं सावकाश.
केळ्यातला ळ
कुणालाही ळच वाटावा असा.