अनुभवाचा रकाना

अर्जात शेवटून तिसरा रकाना :
पाण्याच्या कामाचा अनुभव, वर्षांमध्ये.
कॅफेवाला मल्लू म्हणाला, शून्य टाक,
सगळे शून्यच टाकतात.

विडी घरकुलात पाणी पाचव्या दिवशी येतं,
कधी सहाव्या, रात्री अडीचला.
सातवीपासून गल्लीची वही माझ्याकडे :
कुणाची घागर कितवी,
कुणाच्या घरी बाळंतीण,
कोण मोटार लावून सगळ्यांचं ओढतं.
त्याचं नाव लाल शाईत.
तो माझा मामा.

मी लिहिलं, अकरा.

मुलाखत फोनवर झाली.
पलीकडे घानातली अझारा, तिच्यामागे एक बकरी.
दोघींचं इंग्रजी वेगवेगळ्या जागी मोडत होतं.
मी पाठ केलेलं सगळं, शाश्वत वगैरे,
तिनं हातानंच बाजूला सारलं.
विचारलं, आपल्याच माणसाचं नाव लिहिताना
हात थांबतो का?

मी मामाची गोष्ट सांगितली.
तिनं तिच्या नवऱ्याच्या भावाची.
बकरी मध्ये मध्ये बोलत होती.

घरी आईच्या सुपात सातशे झाल्या होत्या,
तीनशे बाकी. दातात दोरा धरूनच म्हणाली,
‘एक्कडा?’
आफ्रिकेत. सहा महिने.
‘तिथंबी वही न्हाई काय?’
आहे. लाल पेन नाही.

आई हसली नाही.
फर्मा पानावर ठेवला, कात्री फिरवली.
‘आन् हितली कुणाकडं?’

बाहेर नळ सूं सूं करायला लागला.
आज तर तिसराच दिवस.
वही घेऊन मी उठले, सवयीनं.