दीड बोट माया

माझी टेप दीडशेवर संपते.
तीस वर्षं पुरली ती ताल्काउआनोच्या बायकांना,
गोदीतल्या क्रेनवाल्यांच्या गणवेशांना,
एकदा तर एका पाद्र्याच्या झग्याला.
माझ्याभोवती मात्र पोचत नाही.
संपते तिथे अंगठा रोवायचा
आणि उरलेली मी
पुन्हा शून्यापासून मोजायची.

डॉक्टर ओयार्सूननी कागदावर पोट काढलं.
वाईट काढलं, वांग्यासारखं.
त्यावर उभी रेघ ओढून म्हणाले, ही स्लीव्ह,
म्हणजे बाहीच समजा.
इतका वेळ आवळून बसलेली मी
बाही म्हटल्यावर जरा सैलावले.
बाही मला येते.
फुग्याची, चुणीची, कोपरापर्यंतची,
खांद्यात न ओढणारी.
विचारलं, आणि कापलेला तुकडा?
डॉक्टर थबकले.
तपासणीला जातो, म्हणाले. मग जाळतात.

मी चिंधी टाकत नाही.
माझ्या गोधडीत अर्ध्या टेकडीची लग्नं आहेत.

पट्ट्याचं मीच नाही म्हटलं.
ग्रिसेल्डाला बसवला होता, नाडी ओवावी तसा,
दोनदा घट्ट केला, मग तो घसरला, मग काढला.
ती वितळलेलं आइस्क्रीम प्यायची वाडग्यानं.
नाडीला काय कळतंय,
घागऱ्यात कोण आहे ते.

मग त्यांनी कागद उलटा केला. बायपास.
वर अंड्याएवढी पिशवी ठेवायची,
आतडं खालून उचलून तिला जोडायचं.
माझा भाऊ निबाल्दो हेच करून आलाय.
वाढदिवसाला त्यानं केकचा दुसरा घास घेतला
आणि घामानं निथळत न्हाणीच्या फरशीवर
गाल टेकून पडला, पाऊण तास.
गोळ्यांचा डबा आता त्याच्या खिशात खुळखुळतो,
जन्मभर खुळखुळणार.
शिवाय पाव. संध्याकाळच्या चहाबरोबरचा
गरम पाव तो नुसता हातात धरतो,
मग मला देतो.

मी रात्री चार उशा लावून
बसल्या बसल्या झोपते, घशाशी आंबट येतं.
बाहीनं ते वाढू शकतं, डॉक्टर म्हणाले,
आणि तुमची शुगर बघता मी तरी
बायपास म्हणेन. पण पोट तुमचं आहे.
बरोबरच होतं ते. तरी मी विचारलं,
मग जुनं पोट?
राहतं की. आतच. बाजूला.
जाळत नाही?
नाही. त्यात अन्न जात नाही एवढंच.
ते आपला रस गाळत बसतं,
तो खाली जाऊन मिसळतो.

तिथेच माझं ठरलं.
कारण डॉक्टरांना सांगितलं नाही,
शहाण्या माणसाला सांगण्यासारखं ते नव्हतं.

आम्हा शिवणाऱ्यांत
शिवणीच्या आत जे कापड राखतात
त्याला माया म्हणतात.
बाहेरून दिसत नाही.
पोर उंच होते, सून बाळंत होते,
आजारातून उठलेलं माणूस परत अंग धरतं,
तेव्हा उसवून बघावं तर असते, दीड बोट.
ओस्वाल्डो गेला त्या वर्षी
मी माझे सगळे झगे सोडवले,
मायेपर्यंत आले, माया संपली,
मग नवीन कापड घेतलं. मग आणखी.
आतलं परत बाहेर काढणं सोपं नाही,
डॉक्टर म्हणाले होते, जवळजवळ कुणी करत नाही.
मलाही काढायचं नाहीये.
आत आहे, एवढं पुरे.

सही केली.
बोट थरथरलं, पण काजं करताना ते नेहमीच थरथरतं.
धागा कुठला वापरता, विचारलं.
टायटॅनियमच्या टाचण्या, म्हणाले.
गाठ मारत नाही? नाही.
मला ते पटलं नाही. अजून पटलेलं नाही.

मंगळवारी पहाटे नर्सनं गाऊन दिला.
मागून मिटेना.
दुसरा आणला, तोही मिटेना,
पोरगी बिचारी लाल झाली.
मी काढून उलटा केला, खिडकीशी धरला.
माया ठेवलीच नव्हती कुणी,
कडेला ओव्हरलॉक मारून मोकळे.
सुई आहे का गं, विचारलं,
आणि चादरीची एखादी चिंधी,
माझा नंबर नऊला आहे.