उघडलंच आहे तर

थेओटिम कोमोच्या गॅरेजला पाटी नाही.
मेटेगनच्या धक्क्यामागे, बर्फकारखान्याच्या भिंतीला टेकून
एक पत्र्याची शेड, आणि दारात
कुणाच्या तरी बोटीचं उघडं इंजिन.
नोव्हेंबरचा शेवटचा सोमवार उलटेपर्यंत
तो गाड्यांकडे ढुंकून बघत नाही.
लॉब्स्टरच्या बोटी एकदा बाहेर पडल्या
की मग जमिनीवरच्यांची पाळी.

माझी गाडी एकोणनव्वद सालची, जपानी, लाल.
लाल म्हणजे आता डब्यातल्या टोमॅटो सूपइतकी.
पुढचे दिवे झाकणातून वर येतात,
डावा जरा उशिरा,
झोपेतून हाक मारून उठवल्यासारखा.
चालते मात्र छान. तेच मी त्याला सांगितलं:
आवाज नाही, गळत नाही, काही दुखत नाही हिचं,
फक्त एकदा नजर टाक.

त्यानं कव्हर काढलं, टॉर्च धरला.
"टायमिंग बेल्ट कधी बदललाय?"
"आधीचा मालक म्हणाला, अलीकडेच."
"पावती?"
पावती नव्हती.
"मग बदललेला नाही."

"तुटेलच असं आहे का?"
"नाही."
"मग?"
"सांगून तुटत नाही," म्हणाला,
आणि एका हाताची बोटं
दुसऱ्या हाताच्या मुठीवर आपटून दाखवली.
हे व्हॉल्व्ह. हे पिस्टन.

मग पुठ्ठ्याचा एक तुकडा घेऊन
पेन्सिलीनं लिहायला बसला.
उघडलंच आहे तर वॉटर पंप.
उघडलंच आहे तर टेन्शनर, दोन सील,
आणि थर्मोस्टॅट काय, चिल्लर आहे, उघडलंच आहे तर.
पुठ्ठा संपला तसा त्यानं तो उलटा केला.
मी मनात म्हटलं,
हा माझा खिसा कापतोय.

बावीस वर्षं मी यार्मथच्या दवाखान्यात
लोकांचे दात साफ करते.
दिवसाला आठ तोंडं.
आठही जण म्हणतात, दुखत नाही.
मी म्हणते, दुखेल तेव्हा उशीर झालेला असेल.
तोंडात माझी हत्यारं, त्यामुळे ते गप्प असतात,
पण डोळ्यांत स्पष्ट वाचता येतं:
ही आपला खिसा कापतेय.

एवढ्यात कशावर तरी तो हसला,
आणि सवयीनं मी आत पाहिलं.
खालची डावी दाढ, अर्धी गेलेली,
भोवती हिरडी पिकल्या प्लमसारखी.
"हे कधीपासून?"
"दुखत नाही."
"शेवटचं कधी दाखवलं होतंस?"
त्यानं पाना फडक्यानं पुसला. बराच वेळ पुसला.
"अलीकडेच."
"पावती?"

सौदा केला नाही आम्ही.
खुर्ची माझ्या मालकीची नाही
आणि त्याला उसनवारी मानवत नाही.
दात कोरून पोट भरत नाही, म्हणून
मी पुठ्ठ्याच्या दोन्ही बाजू मान्य केल्या, रोख दिले.
जानेवारीत गाडी मिळाली,
सोबत पिशवीत जुना बेल्ट.
मी तो वाकवला, पिळला, नखानं खरवडला.
एकही भेग नाही.
"हा अजून चालला असता?"
"चालला असता," तो म्हणाला. "किंवा आज
त्या चर्चच्या वळणापर्यंत."
त्यानं खोटं सांगितलं असतं तर
मला जास्त बरं वाटलं असतं.

बुधवार, दहा चाळीस: कोमो, टी.
मी स्वतः लिहिलं होतं वहीत.
ट्रे मांडला, दिवा खाली ओढला.
अकरा वाजता
रिकाम्या खुर्चीचं फडकं बदललं.

संध्याकाळी मुद्दाम धक्क्याच्या रस्त्यानं परतले.
धुकं होतं, दिवे लावले,
उजवा आला, मग डावा.
शेडच्या दारात तो, बोटीच्या इंजिनावर वाकलेला,
एक तळवा गालावर.
माझ्या गाडीचा आवाज त्यानं न बघता ओळखला,
मग मान वर करून
पानानं माझ्या डाव्या दिव्याकडे बोट केल्यासारखं केलं:
हा आणून दाखव.

मी काच खाली केली नाही.
आपल्याच गालावर बोट ठेवलं,
त्याला दिसेल इतका वेळ,
आणि गिअर टाकला.