अकरा हजार तीनशे पंधरा

आंब्याच्या पेटीच्या पावतीमागे हिशेब मांडला:
वय एकोणतीस, साठीपर्यंत एकतीस वर्षं,
रोज एक.
अकरा हजार तीनशे पंधरा गोळ्या.
लीप वर्षांचे दिवस धरले नाहीत,
तेवढी सूट देवानं द्यावी.
पैशात मांडलं तर एक जुनं आउटबोर्ड इंजिन येईल,
पण इंजिन काही डोक्यावर उगवत नाही.

कणकवलीच्या डॉक्टरीणबाई सरळ बोलल्या.
सहा महिने फारसं काही दिसणार नाही,
उलट आधी थोडे जास्त गळतील, घाबरू नका.
मग थांबेल. आहे ते राहील, जमलं तर थोडं परत येईल.
आणि सोडलंत,
तर वर्षभरात जिथं असायचं तिथंच.
'आणि दुसरं?' मी विचारलं, पंख्याकडे बघत.
शंभरात एखाद-दोघांची इच्छा कमी होते, म्हणाल्या,
गोळी थांबवली की बहुतेकांची परत येते.
तो 'बहुतेक' मी
एसटीच्या खिडकीशी मांडीवर घेऊन
देवगडपर्यंत आणला.

शमिकाला पाचवा महिना.
पाकिटातला कागद तिनंच उलगडला,
भिंग लागावं इतक्या बारीक अक्षरांचा,
आणि एका ओळीवर बोट ठेवून थांबली:
फुटलेल्या गोळीला गरोदर बाईनं हात लावू नये.
एवढीशी गोळी, मसुरीच्या दाण्याहून जरा मोठी.
तिनं स्ट्रिप माझ्या बाजूला सरकवली,
उलथन्याच्या टोकानं.
'घे हवं तर. मला तू कसाही चालशील.'
चालशील.
चालते तर आमची खिळखिळी खुर्चीही.

स्टँडजवळचा नारू पूर्वी
केस कापून झाले की मागे आरसा धरायचा,
डावीकडे, उजवीकडे, माझी मान हलेपर्यंत.
गेल्या दिवाळीपासून धरत नाही.
कापड झटकतो, 'झालं' म्हणतो,
पुढच्या गिऱ्हाइकाला हाक मारतो.
इतकी माया मला सोसत नाही.

बाबा सव्विसाव्या वर्षीच मोकळे झाले.
सांगितलं तेव्हा कलमाच्या बुंध्याभोवती खणत होते,
ऑगस्टातल्या उघडिपीत,
कल्टारचं पाणी ओतायला.
'केस गेले म्हणान कोण माझो आंबो घेवचो रवलो नाय.'
मग बराच वेळ नुसती कुदळ.
'पण ह्या झाडाक बघ. बारा वर्षां झाली.
एकदा घातलां काय दर वर्षाक घालूक व्हया.
आता माका कळत नाय,
मोहर झाड काढता की बाटली.'
पस्तावलात का, मी विचारलं.
त्यांनी घाम पुसला, टॉवेल परत डोक्यावर टाकला.
'तुझी फी खंयच्या पैशान भरली?'

परवा तारामुंबरीच्या पुलावर हेल्मेट काढलं.
सकाळी दहा मिनिटं लावून बसवलेले केस
वाऱ्यानं उचलले
आणि अगदी नीट, दुसऱ्या बाजूला ठेवले.
समोरून मासळीच्या टोपल्या घेऊन दोघी येत होत्या.
हसल्या नाहीत.
मी मात्र पूल संपेपर्यंत
त्या हसल्या असत्या तर काय बोललो असतो
ते जुळवत राहिलो.

रविवारी नारूला म्हटलं, मागे आरसा धर.
तो कात्री पुसत राहिला. मग धरला.
रुपयाएवढी जागा.
नाही, कोकमाच्या फळाएवढी.
आणि ओळखीची,
बागेत बाबांच्या मागून चालताना लहानपणभर पाहिलेली,
टॉवेल घसरला की उन्हात चमकणारी.
तिच्यावर नजर ठेवून मी कधी चुकलो नव्हतो वाट.
'पुरे?' नारूनं विचारलं.
'जरा डावीकडे घे.'

स्ट्रिप कप्प्यात आहे. दहाच्या दहा.
काल रात्रीही मोजल्या.
विहिरीकडचं एक कलम बाबांनी या वर्षी तसंच सोडलंय.
का, ते त्यांनी सांगितलं नाही,
मीही विचारलं नाही.
मोहराला अजून चार महिने आहेत.